गोड वाइनच्या वेलींवरची ड्राय वाइन

फ्रान्सच्या दक्षिण टोकाला, पर्पिन्याँजवळच्या काल्स गावात गोबी कुटुंबाची वाइनरी आहे. तिची 'व्हिएय व्हिन्य', म्हणजे जुन्या वेलींची, पांढरी वाइन ड्राय, म्हणजे गोडी न उरलेली, असते. पण या रूसियों भागात माकाबू आणि ग्रनाश या द्राक्षजातींच्या जुन्या बागा मुख्यतः गोड वाइनसाठी राखल्या गेल्या.

त्या गोड वाइनचं श्रेय तेराव्या शतकातल्या आर्नो द व्हिल्नव या वैद्याला देतात. आंबवण अर्ध्यावर असताना रसाच्या 5 ते 10 टक्के तीव्र स्पिरिट ओतायचं. यीस्ट थांबतं, साखर उरते. रसात लिटरला किमान 252 ग्रॅम साखर लागते, म्हणून घड वेलीवरच भरपूर पिकू देत. 1936 मध्ये रिव्हसाल्त, मोरी, बान्युल्स या गोड वाइनना 'अपेलासियों', म्हणजे ठरावीक भागाशी बांधलेलं संरक्षित नाव, मिळालं. पुढे गोड वाइनची मागणी ओसरली, अनुदान घेऊन कित्येक बागा उपटल्या गेल्या. उरलेल्यांतून ड्राय वाइन आली.

'जुनी वेल' किती वर्षांची, हे फ्रेंच कायदा सांगत नाही. लेबलवर भरवसा ठेवताना हे ध्यानात असावं. 1860 च्या दशकात आलेल्या फायलोक्सेरा किडीने मुळं खाल्ल्यावर बहुतेक बागा अमेरिकन खुंटावर कलम करून पुन्हा उभ्या राहिल्या. नाशिककडच्या बागायतदाराला डॉगरिज या खुंटामुळे कलमाच्या खुंटाचं महत्त्व वेगळं सांगायला नको. जुन्या वेलींना घड कमी लागतात. मर झाली की मधे नवी वेल जगवणं अवघड, कारण शेजारच्या खोल मुळांपुढे तिला पाणी पुरत नाही.

गोबींच्या बागेतल्या बायोडायनॅमिक शेतीपद्धतीचं मूळ वेगळंच. जून 1924 मध्ये कोबेरवित्स (तेव्हा जर्मनीत, आता पोलंडमध्ये) इथे रुडॉल्फ स्टायनर या ऑस्ट्रियन विचारवंताने शेतकऱ्यांपुढे आठ व्याख्यानं दिली. गाईच्या शिंगात शेण भरून हिवाळाभर पुरायचं. हेक्टरी साधारण 100 ग्रॅम शिंगखत पाण्यात तासभर, दिशा बदलत घुसळून जमिनीवर शिंपडायचं. सिलिका, म्हणजे क्वार्ट्झची पूड, हेक्टरी जेमतेम 4 ग्रॅम, पानांवर, तीही पहाटे. कडक उन्हात किंवा पाण्याचा ताण असताना मारली तर पानं करपतात. घुसळण्याचा परिणाम प्रयोगांनी पक्का झालेला नाही. तणनाशक बंद करणं, कंपोस्ट, नांगरट यांचाच वाटा मोठा असावा. केवडा या बुरशीजन्य रोगासाठी तांबं बायोडायनॅमिकमध्येही चालतं. युरोपात सेंद्रिय बागेला सात वर्षांत हेक्टरी 28 किलोची मर्यादा आहे, बायोडायनॅमिक प्रमाणपत्र देणाऱ्या डेमेटर संस्थेचा नियम त्याहून कडक.

ड्राय वाइनसाठी तोडणी मात्र लवकर लागते. पांढऱ्या ग्रनाशचा आंबटपणा झपाट्याने उतरतो आणि रस हवेने चटकन तपकिरी पडतो. गोड वाइनच्या सवयीने घड ठेवले, तर अल्कोहोल 15 टक्क्यांवर जातं आणि वाइन जड होते.