तक्रारीला हद्द नसते

‘गुन्हा जिथं घडला, त्याच हद्दीतलं ठाणं तक्रार घेतं’ असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. तपास हद्दीप्रमाणेच होतो, म्हणून तो पटतोही. नोंदीला मात्र ही अट नाही. मारहाण काटोलला झाली नि बाई नागपुरात माहेरी आली, तरी माहेराजवळच्या ठाण्यानं दखलपात्र गुन्हा (ज्यात पोलीस न्यायालयाच्या आदेशाविना तपास करू शकतात) शून्य क्रमांकानं, म्हणजे ‘झिरो एफआयआर’ म्हणून, नोंदवून काटोलला पाठवायचा असतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ वाचा. १ जुलै २०२४ पासून लागू आहे.

गडबड होते ती पुढं. एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) किंवा अर्जाची नुसती पोच देऊन बोळवण होते. कागदावर ‘प्रथम खबर’ (एफआयआर) आणि गुन्ह्याची कलमं आहेत ना, पाहा. प्रत मोफत मिळते. नकार मिळाला, तर लेखी तक्रार टपालानं पोलीस अधीक्षकांना, शहरात उपायुक्तांना पाठवा, त्यानंतर न्यायदंडाधिकारी.