डिपेंडन्सी व्यवस्थापन

डिपेंडन्सी व्यवस्थापन : सॉफ्टवेअरमध्ये वापरलेल्या त्रयस्थ लायब्रऱ्यांच्या (दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार कोडच्या, म्हणजेच डिपेंडन्सींच्या) आवृत्त्या ठरवणे, त्यांची नोंद ठेवणे आणि त्यांत सापडणाऱ्या सुरक्षादोषांची वेळेत दुरुस्ती करणे. आज सहसा कोणी प्रोग्रॅम मुळापासून लिहीत नाही. तारीख वाचणे, पीडीएफ बनवणे, पासवर्ड कूटबद्ध करणे ही कामे दुसऱ्यांनी लिहून खुल्या ठेवलेल्या कोडवर सोपवली जातात. जावासाठी मेव्हन सेंट्रल, जावास्क्रिप्टसाठी एनपीएम, पायथॉनसाठी पायपीआय ही अशा उसन्या कोडची मोठी कोठारे आहेत.

उसनी घेतलेली लायब्ररी एकटी येत नाही. ती स्वतःच्या लायब्रऱ्या आणते, त्या त्यांच्या आणतात. प्रोग्रॅमरने फाइलीत दहा-पंधरा नावे लिहिली तरी इन्स्टॉल केल्यावर फोल्डरमध्ये शेकडो पॅकेजे उतरतात. ती कोणी निवडलेली नसतात, बहुतेकांची नावेही टीममध्ये कोणाला सांगता येत नाहीत. या विषयातली खरी अडचण इथे आहे. आपल्या घरात काय आहे हेच माहीत नसेल, तर त्यातले काय बिघडले हे कळणार कसे?

डिसेंबर २०२१मध्ये ही अडचण सगळ्यांसमोर आली. लॉग-फोर-जे या जावा लायब्ररीचे काम साधे : प्रोग्रॅममध्ये काय घडले त्याच्या नोंदी लिहिणे. पण नोंदीत विशिष्ट धाटणीचा मजकूर आला की ती बाहेरच्या सर्व्हरशी संपर्क साधून तिथला कोड आणून चालवत असे. म्हणजे लॉगिनच्या चौकटीत कोणी तसा मजकूर टाकला आणि तो लॉगमध्ये गेला, की सर्व्हर हल्लेखोराच्या हाती. सुरक्षादोषांच्या जागतिक यादीत या दोषाला सीव्हीई-२०२१-४४२२८ हा क्रमांक मिळाला, तीव्रता १०पैकी १० ठरली. दोष जगजाहीर झाल्यावर दुरुस्ती एका ओळीची वाटत होती, आवृत्ती बदलायची. पण आधी 'आपल्याकडे ती कुठे कुठे आहे?' याचे उत्तर हवे होते आणि ते अनेकांकडे नव्हते. पहिली दुरुस्तीही अपुरी निघाली. महिनाअखेरपर्यंत २.१५.०, २.१६.०, २.१७.० आणि २.१७.१ अशा चार आवृत्त्या आल्या. ज्यांच्याकडे यादी तयार होती त्यांना चार वेळा बदल करावा लागला. ज्यांच्याकडे नव्हती त्यांना आधी शोधाशोध करावी लागली.

नवी मुंबईत ठाणे-बेलापूर रस्त्यालगतचा टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) औद्योगिक पट्टा पूर्वी मुख्यतः रासायनिक आणि अभियांत्रिकी कारखान्यांचा होता. आता ऐरोली, रबाळे, महापे या भागांत आयटी पार्क आणि डेटा सेंटर उभी आहेत. बेलापूरला स्टेट बँकेचे ग्लोबल आयटी सेंटर आहे. अशा ठिकाणी नव्या उत्पादनाइतकेच वर्षानुवर्षे चालू असलेल्या प्रणाली सांभाळण्याचे काम असते आणि डिपेंडन्सीचा प्रश्न जुन्या प्रणालीतच सर्वांत जास्त टोचतो. ज्याने लायब्ररी घातली तो माणूस केव्हाच दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो.

या परिसरातल्या जुन्या उद्योगांकडे यावर एक उत्तर आधीपासून आहे. ठाण्यातल्या वागळे इस्टेटसारख्या ठिकाणी वर्कशॉपमध्ये पोलादाची सळी येते तेव्हा सोबत टेस्ट सर्टिफिकेट येते आणि त्यावरचा हीट नंबर (भट्टीतल्या एका वितळणीचा क्रमांक) आवक नोंदीत चढतो. पुढे एखादा पार्ट तडकला तर त्याच हीटचा माल आणखी कोणत्या जॉबमध्ये गेला हे त्या नंबरावरून काढता येते. सॉफ्टवेअरमध्ये हेच काम 'सॉफ्टवेअर बिल ऑफ मटेरियल्स', म्हणजे एसबॉम, करतो. प्रत्येक घटकाचे नाव, आवृत्ती, पुरवठादार आणि तो कोणामार्फत आत आला याची ती यादी असते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने ऑक्टोबर २०२४मध्ये एसबॉमविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्याच वर्षी सेबीच्या सायबर सुरक्षा चौकटीतही एसबॉमचा समावेश झाला. यादी हाताने करू नये, प्रत्येक बिल्डमधून (कोडपासून चालता प्रोग्रॅम तयार करताना) आपोआप निघावी, नाहीतर ती महिन्याभरात शिळी होते.

आवृत्तीचा क्रमांक बहुधा तीन आकड्यांचा असतो. ४.२.७मध्ये शेवटचा आकडा दुरुस्तीचा, मधला नव्या सोयींचा, पहिला जुन्याशी न जुळणाऱ्या बदलांचा. हा संकेत आहे, हमी नव्हे. दुरुस्तीच्या आवृत्तीनेही चालता बिल्ड तुटतो. म्हणून नेमकी कोणती आवृत्ती उतरली ते लॉक फाइलमध्ये नोंदवतात आणि ती फाइल कोडसोबतच रिपॉझिटरीत (टीमच्या सामायिक कोडसाठ्यात) ठेवतात. ती न ठेवणारी टीम अजूनही भेटते, आणि 'माझ्या मशीनवर चालतंय' हे वाक्य तिथे हमखास ऐकू येते.

अपडेट टाळणे आणि आंधळेपणाने अपडेट घेणे, दोन्हींची किंमत मोजली गेली आहे. वेब अॅप्लिकेशन बनवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या अपाची स्ट्रट्समधल्या दोषाची दुरुस्ती मार्च २०१७मध्ये उपलब्ध होती. लोकांची पतमाहिती ठेवणाऱ्या इक्विफॅक्स या अमेरिकी कंपनीने ती सर्वत्र लावली नाही आणि सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती चोरीला गेली. उलट बाजूने, २०१८मध्ये एनपीएमवरच्या 'इव्हेंट-स्ट्रीम'च्या मूळ लेखकाने मदतीला आलेल्या अनोळखी माणसाकडे पॅकेज सोपवले. त्या माणसाने त्यात बिटकॉइन चोरणारी डिपेंडन्सी घातली आणि नवी आवृत्ती घेणाऱ्यांकडे ती आपोआप पोचली. त्यामुळे ठरलेल्या दिवशी, थोडे थोडे, चाचण्या चालवून अपडेट घेणे आणि नुकती आलेली आवृत्ती काही दिवस थांबवणे ही रीत मला सर्वांत शहाणपणाची वाटते. गंभीर दोषाची दुरुस्ती मात्र या थांबण्याला अपवाद.

डिपेंडाबॉट, रेनोव्हेट, ओवास्प डिपेंडन्सी-चेक ही साधने जुन्या किंवा सदोष आवृत्त्या दाखवतात. पण दोनशे लाल ओळींच्या अहवालावर कोणाचेच नाव नसेल तर तो तसाच पडून राहतो. शिवाय ही साधने मुख्यतः ज्ञात दोषच ओळखतात. मार्च २०२४मध्ये एक्सझेड या कॉम्प्रेशन लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ आवृत्त्यांत पेरलेला चोरदरवाजा अशा अहवालात आलाच नव्हता. एसएसएच (दूरच्या सर्व्हरवर सुरक्षितपणे शिरण्याची पद्धत) लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय, हे आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला खटकले आणि त्याने कारण शोधून काढले.