चुंबकातलं लोखंड आणि मागे उरणारी माती

गोव्यातल्या डिचोलीच्या खाणपट्ट्यात वाढलेल्यांना एक हिशेब तोंडपाठ असतो: एक टन लोहखनिज काढायचं, तर दोन-तीन टन माती बाजूला टाकायची. त्या मातीचे डोंगर म्हणजे आमचे डंप. पावसाळ्यात ते वाहतात आणि खालच्या शेतांत लाल गाळ साचतो. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या, 2018 मध्ये 88 लीज रद्द केल्या. डंप अजून तिथेच आहेत.

आता त्याच रस्त्यांवरून इलेक्ट्रिक स्कूटर जातात. धूर नाही, आवाज नाही. त्यांच्या मोटरमध्ये बहुधा निओडिमियमचं चुंबक असतं. गंमत म्हणजे या चुंबकात वजनाने सुमारे दोन तृतीयांश लोखंडच असतं. निओडिमियम आणि त्याची भावंडं साधारण 30 टक्के. सगळा खटाटोप त्या 30 टक्क्यांसाठी.

ही भावंडं एकूण 17. नाव ‘दुर्मिळ मृदा’, पण त्यांतलं सिरियम पृथ्वीच्या कवचात जवळजवळ तांब्याइतकंच आहे. दुर्मिळ आहे ती त्यांची फारकत. बहुतेकांच्या आयनांवर विद्युतभार सारखाच, आकारात फरक अगदी किंचित. त्यामुळे आम्लात विरघळवून एका द्रावकातून दुसऱ्यात, असं शेकडो वेळा फिरवावं लागतं. प्रत्येक फेरीला आम्ल, पाणी आणि मागे सांडपाणी. चीनमध्ये बाओतोऊजवळचा या गाळाचा तलाव सुमारे 10 चौरस किलोमीटरचा आहे. चीनने स्वतःकडचे नियम कडक केले, तशी खोदाई म्यानमारच्या काचिन प्रांतात सरकली. तिथे डोंगराला भोकं पाडून अमोनियम सल्फेट ओततात. डोंगर पोखरला जातो आणि ओढ्याचं पाणी बिघडतं. ते ओढे कुणाचे, हे स्कूटर घेताना कोण विचारतो? मीही विचारलं नव्हतं.

केरळच्या किनाऱ्यावरच्या मोनाझाइट वाळूत दुर्मिळ मृदांसोबत किरणोत्सारी थोरियमही असतं. मलेशियात बुकित मेरा इथे मोनाझाइटवर प्रक्रिया करणारा कारखाना किरणोत्सारी कचऱ्यामुळे गावकऱ्यांनी न्यायालयात खेचला. 1994 मध्ये तो बंद झाला, कचरा मात्र पुढे कित्येक वर्षं निस्तरावा लागला.

आमच्या डंपांवर अकेशिया लावून माती थोडीफार धरून ठेवता येते. थोरियमचं तसं नाही. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे त्यातलं निम्मं विघटित व्हायला लागणारा काळ, सुमारे 1400 कोटी वर्षांचं. म्हणजे ते किरणं हळूहळू सोडतं, हे खरं. पण त्याच्यापासून तयार होणारं रेडियम तितकं संथ नाही, आणि कोरड्या पडलेल्या गाळाची धूळ वाऱ्याबरोबर गावात येते.