नौदलीय हवाई छायाचित्र-टेहळणी : कोकण किनाऱ्याच्या संदर्भात

युद्धकाळात नौदलाच्या विमानपथकांनी शत्रूची बंदरे, नांगरलेली जहाजे, किनाऱ्यावरच्या तोफा आणि सैन्य उतरवता येईल अशा पुळणी यांची आकाशातून छायाचित्रे घेणे व ती वाचून नकाशे आणि अहवाल तयार करणे. हवाई दलाच्या अशाच कामापेक्षा यात पाण्याचा विचार जास्त असतो : किती खोल, खाली वाळू की चिखल, भरती कुठवर येते. या नोंदीत कोकण म्हणजे दमणगंगेपासून कारवारपर्यंतची पट्टी धरली असून गोवा व अंजदीव तीत येतात.

या कामाचा आरंभ कुठे मानावा याबद्दल दोन मते आहेत. एक मत तो १९१५ च्या वसंतात तुर्कस्तानातील गॅलिपोली द्वीपकल्पाला नेते. ब्रिटिश नौदलीय हवाई सेवेचे ३ क्रमांकाचे पथक कमांडर सॅमसन यांच्या हाताखाली टेनेडॉस बेटावर होते. त्यातील बटलर या वैमानिकाने एप्रिलमध्ये सैन्य उतरण्यापूर्वी द्वीपकल्पाची छायाचित्रे घेतली. दुसऱ्या मतानुसार हाती कॅमेरा घेऊन केलेली ती सुटी कामगिरी होती. ठरावीक उंची, ठरावीक अंतर आणि छायाचित्रे वाचणारी स्वतंत्र शाखा ही सगळी शिस्त दुसऱ्या महायुद्धातच आली. किनाऱ्याच्या अभ्यासापुरते दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. चांगले छायाचित्र मिळाले तरी ते भरतीच्या वेळेशी जोडणारा कोणी नसेल, तर उतरणाऱ्या सैन्याला त्याचा उपयोग थोडाच.

पहिल्या महायुद्धाच्या संदर्भात कोकणचे नाव येते ते व्यापारी जहाजाच्या सोंगात फिरणाऱ्या जर्मन ‘वुल्फ’ या युद्धजहाजामुळे. त्याने फेब्रुवारी १९१७ मध्ये मुंबईसमोर सुरुंग पेरले आणि त्यांपैकी एकावर आदळून त्याच वर्षी जूनमध्ये ‘मंगोलिया’ हे प्रवासी जहाज बुडाले. ‘वुल्फ’वर स्वतःचे टेहळणी विमान होते, आणि त्याच्या मागावर ब्रिटिशांनी ‘रेव्हन-२’ हे सागरी विमानांचे जहाज हिंदी महासागरात धाडले. पण तो शोध लक्षद्वीप व मालदीवच्या बाजूला चालला आणि मुख्यतः नजरेने चालला. कोकणातील छायाचित्र-टेहळणीची सुरुवात म्हणून त्याकडे बोट दाखवणे ताणल्यासारखे होते.

दुसऱ्या महायुद्धात बहुतेक मोठी कामे हवाई दलाची विमाने करीत व नौदल ती छायाचित्रे वापरी. नोव्हेंबर १९४० मध्ये इटलीच्या तारांतो बंदरावर झालेल्या ब्रिटिश हल्ल्यापूर्वी माल्टाच्या मेरिलँड विमानांनी घेतलेली छायाचित्रे पाहून ‘इलस्ट्रियस’ जहाजावरील डेव्हिड पोलॉक या अधिकाऱ्याने बंदरावर विमाने अडवणाऱ्या फुग्यांचे कडे असल्याचे ओळखले आणि हल्ल्याच्या आखणीत फेर करावा लागला. मे १९४१ मध्ये नॉर्वेच्या किनाऱ्याला थांबलेल्या जर्मन ‘बिस्मार्क’ या युद्धजहाजाचे छायाचित्र हवाई दलाने मिळवले. पण दुसऱ्या दिवशी ढग पाण्याला टेकलेले असताना जहाज निघून गेल्याची खात्री केली ती ७७१ क्रमांकाच्या नौदलीय पथकाच्या विमानाने. त्या विमानात कमांडर दर्जाचा अनुभवी नौदली निरीक्षक होता आणि समुद्रावरून दिशा काढण्याची त्याची हातोटी तिथे कामी आली.

आपल्या बाजूच्या महासागरात या कामासाठीच उभे केलेले नौदलीय पथक म्हणजे ८८८ क्रमांकाचे. १९४४ मध्ये ते कॅमेरे बसवलेल्या हेलकॅट विमानांसह नव्याने उभे राहिले व सिलोनमध्ये आले. फेब्रुवारी-मार्च १९४५ मध्ये ‘स्टेसी’ मोहिमेत या पथकाने ‘एम्प्रेस’ या लहान विमानवाहू जहाजावरून क्रा संयोगभूमी, पेनांग आणि उत्तर सुमात्राची छायाचित्रे घेतली. मलायात सैन्य उतरवण्याच्या ‘झिपर’ मोहिमेची ही पूर्वतयारी होती. झिपरची काही जहाजे मुंबईहून सुटली आणि उतरणाऱ्यांत २५ वी हिंदी डिव्हिजन होती. ९ सप्टेंबर १९४५ रोजी, म्हणजे जपानने शरणागती पत्करल्यानंतर, मोरिबच्या पुळणीवर सैन्य उतरले तेव्हा गाड्या रुतून बसल्या. वरची वाळू टणक दिसत होती आणि तिच्याखाली मऊ चिखल होता. वरून घेतलेल्या छायाचित्राला हा फरक दिसत नाही. ज्याने कोकणातल्या खाडीच्या तोंडाशी ओहोटीला पाय टाकला आहे, त्याला ही फसगत वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

पाण्याची खोली छायाचित्रावरून काढण्याच्या दोन रीती त्या काळात वापरल्या गेल्या. कोकणाच्या दृष्टीने त्या महत्त्वाच्या आहेत, म्हणून इथे थोड्या विस्ताराने देणे योग्य.

पहिली रीत लाटांची. उथळ पाण्यात लाटेचा वेग जवळजवळ खोलीवरच ठरतो : वेगाच्या वर्गाला गुरुत्वीय त्वरणाने (९.८) भागले की खोली मीटरमध्ये मिळते. समजा, ३६ इंची भिंगाचा कॅमेरा ३०,००० फुटांवर आहे. म्हणजे छायाचित्राचे प्रमाण १ : १०,००० झाले. ६ सेकंदांच्या अंतराने घेतलेल्या दोन छायाचित्रांत लाटेचा माथा ३ मिलिमीटर पुढे सरकलेला दिसला, तर लाट ३० मीटर चालली, वेग सेकंदाला ५ मीटर आणि खोली सुमारे अडीच मीटर. मोजताना दशांश मिलिमीटर चुकला तर खोलीत सहा-सात टक्क्यांचा फरक पडतो. अट अशी की दोन्ही छायाचित्रांत जमिनीवरची तीच खूण सापडली पाहिजे, एखादा खडक किंवा देवळाचा कळस, नाहीतर सरकली लाट की विमान हे कळत नाही. दुसरी अट लाटेची. खोलीच्या निदान वीसपट लांबीची लाट असेल तरच हे सोपे सूत्र लागू पडते. दुपारी खारा वारा सुटल्यावर पाण्यावर उठणाऱ्या आखूड, एकमेकींत घुसणाऱ्या लाटांवर ते चालत नाही.

दुसरी रीत पाण्याच्या कडेची. भरतीच्या वेगवेगळ्या वेळी तीच पुळण टिपायची; प्रत्येक वेळची पाण्याची कड ही एक समोच्चरेषा ठरते. मुंबईला उधाणाची भरती-ओहोटी ५ मीटरच्या आसपास जाते आणि गोव्याकडे ती निम्म्यावर येते, त्यामुळे ही रीत उत्तर कोकणात जास्त तपशील देते. पण वेळेचा काटेकोरपणाही तिथेच जास्त लागतो. पाणी तासाला १ मीटरने चढत असेल, तर वेळ नोंदताना पाव तासाची चूक म्हणजे २५ सेंटिमीटर. शंभरात एक अशा संथ उताराच्या पुळणीवर तीच चूक नकाशावर २५ मीटर होते. भांगाच्या, म्हणजे कमी भरती-ओहोटीच्या, दिवसांत कडा एकमेकींजवळ राहतात, म्हणून उड्डाणे उधाणाच्या तिथी पाहून ठरवावी लागतात.

दोन्ही रीतींनी तळाचा पोत कळत नाही. त्यासाठी माणूसच पाण्यात उतरावा लागे. क्लॉगस्टन-विलमॉट या नौदल अधिकाऱ्याने उभ्या केलेल्या पोहणाऱ्या पथकांनी नॉर्मंडीत ३१ डिसेंबर १९४३ च्या रात्री वाळूचे नमुने आणले, ते याच कारणाने.

कोकण किनारा कॅमेऱ्याला सहज वश होणारा नाही. जून ते सप्टेंबर ढगांचे छत असते, एप्रिल-मेमध्ये हवा धुरकट. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा हंगाम, आणि त्यातही मतलई वारा वाहत असताना, म्हणजे सकाळी, पाणी सपाट असते. मात्र किनारा पश्चिमाभिमुख आणि मागे जांभ्याचा सडा. डिसेंबरात सकाळी ९ च्या सुमारास सूर्य जेमतेम २५ अंश वर आलेला असतो. ६० मीटर उंचीच्या कड्याची सावली तेव्हा सव्वाशे मीटर लांब पडते आणि कड्याखालची चिंचोळी पुळण, नेमकी जी पाहायची ती, काळोखात जाते. सूर्य वर येईपर्यंत थांबावे तर वारा फिरू लागतो. उपयोगी वेळ उरतो तो मधल्या तास-दोन तासांचा.

छायाचित्र वाचणाऱ्याला इथे काही खुणा लवकर ओळखू येतात. मिठागरांच्या चौकटी, खाजणांतील तिवरांचा गडद काठ, पुळणीवर ओढल्या जाणाऱ्या रापणीचा, म्हणजे मोठ्या जाळ्याचा, अर्धवर्तुळाकार दोर. माडांच्या वाड्या मात्र घरे, वाटा आणि हवे तर तोफाही झाकून ठेवतात. जलदुर्ग वरून ठळक दिसतात. सिंधुदुर्गाचा तट आणि भोवतालची खडपे यांतून नौका नेण्याची वाट कुठली, हे मालवणचा तांडेल सांगेल तसे छायाचित्र सांगत नाही.

स्वातंत्र्यानंतर भारतीय नौदलाची विमानशाखा कोचीतून वाढली. ‘गरुड’ हा तिथला तळ मे १९५३ मधला. ‘विक्रांत’ मार्च १९६१ मध्ये सेवेत आली आणि तिच्यासोबत सी हॉक विमानांचे ३०० व अलिझे विमानांचे ३१० क्रमांकाचे पथक. गोवामुक्तीच्या वेळी, डिसेंबर १९६१ मध्ये, विक्रांत गोव्याच्या किनाऱ्यापासून सुमारे ७५ मैलांवर गस्तीला होती. गोव्यातील दाबोळी विमानतळावरील टेहळणी व १८ डिसेंबरचा बाँबहल्ला ही कामे हवाई दलाने केली. पोर्तुगीजांकडे गोव्यात सेबर लढाऊ विमाने असल्याचा त्या वेळचा समज चुकीचा ठरला; दाबोळीवर होती ती दोन प्रवासी विमाने, आणि तीही रात्रीतून कराचीला निसटली. अंजदीववर नौसैनिकांना उतरताना गोळीबार सोसावा लागला व ७ जण कामी आले. बेटावरची ठाणी आधी नीट टिपली-वाचली गेली असती तर ही हानी टळली असती, असे म्हणण्याचा मोह होतो. पण झाडीखालची मशीनगन त्या काळच्या फिल्मवर दिसलीच असती असे धरून चालता येत नाही.

दाबोळी १९६४ पासून नौदलाच्या ‘हंसा’ तळाचे ठिकाण आहे. १९८३ पासून ३०० क्रमांकाच्या पथकाकडे आलेल्या सी हॅरियर विमानांच्या नावातील ‘एफआरएस’ (फायटर, रेकनेसन्स, स्ट्राइक) या अक्षरांपैकी मधले टेहळणीचे. मूळ घडणीत नाकाच्या उजव्या बाजूला तिरका एफ-९५ कॅमेरा असे. ही विमाने २०१६ मध्ये निवृत्त झाली. मार्च २०२२ मध्ये दूर पल्ल्याच्या पी-८आय विमानांचे ३१६ क्रमांकाचे पथक हंसावर दाखल झाले. त्यांची साधने रडार आणि विद्युत-प्रकाशीय संवेदक आहेत, त्यामुळे ढगांची अडचण कमी झाली आहे.

वाळूची अडचण तशीच आहे. खाड्यांच्या मुखाशी असलेले वाळूचे दांडे दर पावसाळ्यात जागा बदलतात. म्हणून आघोटीपूर्वी, म्हणजे पावसाळा लागण्यापूर्वी, घेतलेली छायाचित्रे नवा हंगाम सुरू झाल्यावर खोलीसाठी वापरत नाहीत. ती पुन्हा घ्यावी लागतात.