धमनीतली गुठळी आणि शिरेतली गुठळी

हृदयविकाराचा झटका बहुतेक वेळा गुठळीमुळेच येतो. पायाच्या शिरेत तयार होऊन पुढे फुप्फुसात अडकते तीही गुठळीच. म्हणून दोन्हींवर एकच गोळी चालेल, असं अनेकांना वाटतं. पण या दोन गुठळ्या तयारच वेगळ्या रीतीने होतात.

धमनीत रक्त जोराने वाहतं. तिच्या भिंतीत साचलेला चरबीचा थर दाहामुळे (शरीराच्या सूज आणणाऱ्या प्रतिक्रियेमुळे) कमकुवत होऊन फाटला, की आतलं कोलॅजन हे तंतुमय प्रथिन उघडं पडतं. तिथे प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या बारीक पेशी, चिकटतात आणि थ्रॉम्बॉक्सेन हे रसायन सोडून आणखी प्लेटलेट्सना बोलावतात. ही गुठळी पांढुरकी असते. अ‍ॅस्पिरिन थ्रॉम्बॉक्सेन बनवणारं एन्झाइम कायमचं बंद पाडतं. प्लेटलेटला केंद्रक नसल्यामुळे तिला नवं एन्झाइम घडवता येत नाही. 7 ते 10 दिवसांच्या आयुष्यातले उरलेले दिवस ती तशीच काढते. एवढ्याशा मात्रेची गोळी दिवसातून एकदाच का पुरते, ते यातून कळतं.

शिरेत रक्त संथ असतं. मोठी शस्त्रक्रिया, कर्करोग किंवा बराच काळ अंथरुणाला खिळणं यांमुळे तिथे फायब्रिन या धाग्यासारख्या प्रथिनाचं जाळं विणलं जातं, त्यात तांबड्या पेशी अडकतात आणि लालसर गुठळी बनते. इथे मुख्य उपचार रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांना रोखण्याचा. वॉर्फरिन व्हिटॅमिन के वर अवलंबून असलेली प्रथिनं निकामी ठेवतं. एपिक्साबॅनसारखी नवी औषधं त्यातल्या एकालाच थेट अडवतात.

सर्वांत घातक गैरसमज एट्रियल फिब्रिलेशनबाबत, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे अनियमित थरथरण्याच्या विकाराबाबत होतो. पक्षाघात मेंदूच्या धमनीत होतो, मग अ‍ॅस्पिरिन पुरेल, असं वाटणं साहजिक आहे. पण गुठळी जन्मते हृदयाच्या डाव्या कर्णिकेत (वरच्या कप्प्यात), संथ झालेल्या रक्तात. स्वभावाने ती शिरेतल्या गुठळीची सख्खी बहीण! म्हणून तिथे वॉर्फरिन किंवा एपिक्साबॅनच्या गटातलं औषध लागतं. गुठळी अडकली कुठे यापेक्षा ती बनली कुठे, हे आधी विचारायला हवं.

अर्थात निसर्गाने ही सीमा काटेकोर आखलेली नाही. दाहात धावून येणाऱ्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी डीएनएची जाळी बाहेर फेकतात, हे 2004 साली दिसलं. त्या जाळ्यांना प्लेटलेट्सही चिकटतात आणि त्यांवर रक्तही गोठतं. दाहाचा हा धागा मला सगळ्यांत आशादायक वाटतो. 2017 च्या कँटॉस या औषध-चाचणीत कॅनाकिनुमॅब या दाहविरोधी औषधाने कोलेस्टेरॉल न घटवता, फक्त दाह कमी करून हृदयविकाराचे झटके कमी केले. मात्र जीवघेणे संसर्ग वाढले, आणि हृदयरोगावरचं नेहमीचं औषध ते होऊ शकलं नाही.