सैन्याच्या लिलावातली जिप्सी किंवा जोंगा: आधी व्हेरिएंट ओळखा, मग आरटीओचा अर्ज भरा

सैन्याच्या लिलावात जिप्सी किंवा जोंगा, म्हणजे सैन्याने वापरलेली जीपसारखी गाडी, तुमच्या नावावर सुटली, पैसे भरले, डेपोतून ती ट्रकवर चढवून घरी आणली. आता दारात उभी आहे ती नेमकी कोणती गाडी? हौशी लोकांना हा गप्पांचा विषय वाटतो, पण नोंदणीचं सगळं काम याच्याच उत्तरावर अवलंबून असतं. नोंदणीच्या अर्जात, म्हणजे फॉर्म २० मध्ये, उत्पादकाने दिलेलं वर्गीकरण लिहायचं असतं आणि ते माहीत नसेल तर व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या आसांमधलं अंतर. त्याच्या जोडीला उत्पादनाचा महिना व वर्ष, सिलिंडर, इंजिनाची घनक्षमता (सीसी), आसनक्षमता, रिकाम्या गाडीचं वजन. ‘जिप्सी’ एवढ्या एका शब्दावर यातला एकही रकाना भरता येत नाही.

माझ्या स्वतःच्या गाडीची फाइल याच कारणाने एकदा परत आली होती. अर्जात मी नुसतं ‘जिप्सी किंग’ लिहिलं होतं आणि विक्री प्रमाणपत्रावर मॉडेलचा क्रमांक होता. गाडी एकच, नावं दोन. म्हणून अर्जाला हात लावण्याआधी गाडीची ओळख पक्की करा, असं मी प्रत्येकाला सांगतो.

ही जुन्या गाडीची पहिली नोंदणी आहे

संरक्षण खात्याची वाहनं मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ६० खाली केंद्र सरकारने नेमलेल्या प्राधिकरणाकडे नोंदवलेली असतात. त्यांच्यावर वर टोक असलेला बाण आणि त्यापुढे खरेदीच्या वर्षाचे दोन अंक असा क्रमांक असतो. सरकारची मालकी संपली की त्या गाडीला नोंदणी सक्तीची करणारं कलम ३९ आणि ती कुठे करायची हे सांगणारं कलम ४० लागू होतं. म्हणजे गाडी कितीही जुनी असली तरी आरटीओच्या दृष्टीने ती पहिल्यांदाच नोंदणीला आलेली असते. म्हणून इथे मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३० लागत नाहीत, फॉर्म २० लागतो. त्यात वाहन नवीन आहे, माजी सैनिकी आहे की आयात केलेलं आहे हे विचारलेलं असतं. ‘माजी सैनिकी’ हा पर्याय निवडायचा.

कोणाला नोंदवता येते, आणि कोणती गाडी

लिलाव बहुधा एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ई-लिलावातून होतात आणि तिथे बोली लावण्यासाठी आधी खरेदीदार म्हणून नाव नोंदवावं लागतं. आरटीओला मात्र एकच गोष्ट बघायची असते: विक्री प्रमाणपत्र कोणाच्या नावावर आहे. ज्याचं नाव, त्याचाच अर्ज. व्यापाऱ्याने दहा गाड्यांचा लॉट घेतला आणि त्यातली एक तुम्हाला साध्या पावतीवर दिली, तर ती पावती विक्री प्रमाणपत्राची जागा घेत नाही. आधी व्यापाऱ्याने स्वतःच्या नावावर नोंदणी करावी, मग फॉर्म २९ व ३० भरून ती तुमच्या नावावर करावी. ‘कागद नंतर पाठवतो’ या शब्दावर पैसे देऊ नका. मूळ प्रमाणपत्र हातात नसेल तर दारात गाडी नाही, सुटे भाग उभे आहेत असं समजा.

दुसरी अट लॉटची. काही लॉट फक्त भंगार म्हणून किंवा फक्त नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रांसाठी असतात. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी वाहनांची नोंदणी संपते आणि ती मोडीत काढायची असतात. यातून संरक्षणाच्या प्रत्यक्ष कामाची चिलखती व विशेष वाहनं वगळलेली आहेत. त्यामुळे बोलीच्या अटींमध्ये गाडी रस्त्यावर वापरण्यासाठी विकली जाते आहे की मोडण्यासाठी, हे वाक्य शोधून वाचा. गाडी धुराच्या नियमांच्या कोणत्या टप्प्याची (उत्सर्जन टप्पा) आहे आणि त्या टप्प्याची पहिली नोंदणी तुमचं आरटीओ स्वीकारेल का, हेही बोलीआधीच लेखी विचारून घ्या.

व्हेरिएंट कसा ओळखायचा

सुरुवात चॅसिसपासून, म्हणजे गाडीच्या सांगाड्यापासून. बॉडी बदलते, इंजिन बदलतं, बॉनेट दुसऱ्या गाडीचं लागतं. चॅसिसवर कोरलेला नंबर मात्र तोच राहतो. तारेच्या ब्रशने गंज आणि रंगाचे थर हलक्या हाताने काढा. ग्राइंडर अजिबात लावू नका, कारण घासलेला नंबर निरीक्षकाच्या नजरेत खाडाखोड ठरतो. नंबर सतरा अक्षरी असेल तर पहिली तीन अक्षरं उत्पादक सांगतात: एमए३ म्हणजे मारुती, एमए१ म्हणजे महिंद्रा, एमएटी म्हणजे टाटा. अशा नंबरात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं वापरत नाहीत. तुम्हाला ‘ओ’ दिसला तर तो शून्य आहे, आणि विक्री प्रमाणपत्रावर कारकुनाने ‘ओ’ टंकला असेल तर ती चूक डेपोतच दुरुस्त करून घ्या.

सर्वात जास्त गोंधळ जिप्सीत होतो. डिसेंबर १९८५ मध्ये आलेली पहिली जिप्सी म्हणजे एमजी-४१०: ९७० सीसीचं एफ१०ए इंजिन आणि चार गिअर. १९९३ मध्ये चाकांमधली रुंदी वाढवलेली वाइडट्रॅक आली आणि नावाला ‘डब्ल्यू’ जोडला गेला. १९९६ ची जिप्सी किंग म्हणजे एमजी-४१३डब्ल्यू: १२९८ सीसी, पाच गिअर, आधी कार्ब्युरेटरवाली. २००० पासून त्यातच सोळा व्हॉल्व्हचं एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने इंधन सोडणारं, इंजिन आलं. व्हीलबेस सगळ्यांचा २३७५ मिमी, त्यामुळे टेप लावून व्हीलबेस मोजला तरी ४१० आणि ४१३ यांतला फरक कळत नाही. पुढच्या दोन चाकांमधली रुंदी मोजा: वाइडट्रॅकची सुमारे १३०० मिमी भरते, जुनीची त्याहून स्पष्ट कमी. मग इंजिन ब्लॉकवरचा कोड वाचा. एफ१०ए आणि जी१३ या दोन कोडांत घोटाळा होऊच शकत नाही.

जोंगा निराळी. नाव जबलपूरच्या कारखान्यावरून पडलं, मूळ आराखडा ‘निसान पॅट्रोल’ या गाडीचा. व्हेइकल फॅक्टरी जबलपूरने ती १९६९ ते १९९९ या काळात बनवली. इंजिन सहा सिलिंडरचं पेट्रोल, ३९५६ सीसी. तिच्याच काळातली निसान वन टन हा वेगळा, मोठा प्रकार आहे. इंजिन तेच असल्यामुळे केवळ इंजिन बघून या दोघींत गल्लत करणारे भेटतात. तुमच्या जोंगात आज डिझेल इंजिन धडधडत असेल, तर ते बसवलं कोणी हा पहिला प्रश्न. सैन्याच्या बेस वर्कशॉपमध्ये ओव्हरहॉलच्या वेळी इंजिन बदललं जातं, ते ठीक. पण विक्री प्रमाणपत्रावर गाडीत बसलेल्याच इंजिनाचा नंबर हवा. लिलावानंतर कोणी इंजिन बदललं असेल तर तो कलम ५२ चा, म्हणजे गाडीतल्या बदलांचा, विषय होतो आणि आरटीओची मंजुरी लागते.

शेवटी गाडीचं सैन्यातलं काम. साधी जीएस (जनरल सर्व्हिस, सर्वसाधारण कामाची) गाडी, रेडिओसाठी तयार केलेली, रुग्णवाहिका, किंवा १०६ मिमीच्या रिकॉइललेस (मागे धक्का न देणाऱ्या) तोफेची. तोफेच्या गाडीत दुभंगलेली विंडस्क्रीन आणि तोफेच्या बैठकीचे ब्रॅकेट दिसतात; रेडिओच्या गाडीत जादा बॅटरीच्या पेट्या आणि अँटेनाचे पाय. बॉडीचा प्रकार आणि आसनक्षमता हे रकाने यावरूनच भरायचे. मागे समोरासमोरची बाकं असतील तर प्रत्यक्ष मोजा, अंदाजाने आकडा टाकू नका.

आणखी एक: बाणापुढचे दोन अंक खरेदीचं वर्ष सांगतात. अर्जात उत्पादनाचा महिना व वर्ष हवं असतं, ते डेटा प्लेटवरून (गाडीवरच्या माहितीच्या धातूच्या पट्टीवरून) आणि विक्री प्रमाणपत्रावरून घ्या.

कागद

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चा नियम ४७ यासाठी वाचायचा. फॉर्म २० सोबत लागतं ते मूळ विक्री प्रमाणपत्र, फॉर्म २१. नव्या गाडीला तो विक्रेता देतो; सैन्याच्या लिलावातल्या गाडीला संरक्षण विभागाचा अधिकारी देतो. त्यावर नाव, चॅसिस नंबर, इंजिन नंबर, मॉडेल, वर्ष हे सगळं डेपोतच, गाडीसमोर उभं राहून, अक्षर अक्षर ताडून घ्या. एकदा गाडी बाहेर पडली की दुरुस्तीसाठी पुन्हा जाणं फार जड जातं.

याखेरीज वैध विमा, पत्त्याचा पुरावा, तात्पुरती नोंदणी घेतली असेल तर तिचा कागद आणि शुल्क. चॅसिस नंबरचा पेन्सिलने घेतलेला ठसा फॉर्म २० वरच लागतो. लिलावाची पैसे भरल्याची पावती, डिलिव्हरी ऑर्डर आणि गेट पास फाइलला जोडा. निरीक्षकाला गाडी खरोखर डेपोतून निघाली हे पटायला त्यांचा उपयोग होतो. विम्यातही व्हेरिएंटचं काम आहेच, कारण खासगी कारच्या थर्ड पार्टी हप्त्याचे टप्पे १००० आणि १५०० सीसीवर बदलतात. ९७० सीसीची जिप्सी पहिल्या टप्प्यात, किंग दुसऱ्यात, जोंगा तिसऱ्यात.

अर्जाची मुदत गाडी ताब्यात घेतल्यापासून सात दिवस, प्रवासाचा काळ वगळून. नोंदणी नसलेली गाडी चालवत आणता येत नाही; ट्रकवरून आणा किंवा कलम ४३ खाली तात्पुरती नोंदणी घ्या.

तपासणी

नोंदणीआधी गाडी प्रत्यक्ष दाखवावी लागते. त्याआधी रंग बदला. ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखीव आहे. खासगी गाडीला नियम १२१ प्रमाणे तो चालत नाही. मूळ रंग ठेवायची इच्छा मला पूर्ण समजते, पण इथे सवलत नाही. बाणाचा नंबर आणि तुकडीची चिन्हंही काढा. मात्र रंग देण्याआधी या सगळ्याचे आणि डेटा प्लेटचे फोटो काढून ठेवा आणि प्लेटवर रंग मारू देऊ नका. दिवे, ब्रेक, हॉर्न, हातब्रेक चालू हवेत. निसान वन टन मालवाहू म्हणून नोंदवायची असेल तर ती परिवहन वाहनात मोडते आणि फिटनेस प्रमाणपत्रही लागतं.

नोंदणी मंजूर झाली की प्रमाणपत्र मिळेल. ते हातात आल्यावर मॉडेल, सीसी, आसनं आणि वर्ष हे चार रकाने फॉर्म २१ शेजारी ठेवून वाचा. ‘४१३डब्ल्यू’मधला ‘डब्ल्यू’ गळला असेल तरी त्याच दिवशी दुरुस्तीचा अर्ज द्या.