आतून धुतल्याने एचआयव्ही टळत नाही

संबंधानंतर साबणाने, डेटॉलने किंवा लिंबाच्या पाण्याने योनी आतून धुतली की एचआयव्हीची भीती नाही, असं सांगणारी एखादी मावशी किंवा वहिनी भेटतेच. सांगणारीला काळजी असते, पण हे खरं नाही. उलट धोका वाढू शकतो.

योनी स्वतःची राखण स्वतःच करते. दह्यातल्या जिवाणूंचे भाऊबंद, लॅक्टोबॅसिलस, तिथे वस्तीला असतात. त्यांच्या लॅक्टिक आम्लामुळे तिथला पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, साधारण ३.८ ते ४.५ राहतो. सतत आतून धुतलं की ही वस्ती उठते, नाजूक अस्तर हुळहुळतं आणि दुसरे जिवाणू फोफावतात. मग पातळ, राखाडी स्राव, माशासारखा वास. वास आला म्हणून बाई बिचारी आणखी घासते! याच अवस्थेत एचआयव्ही सहज शिरतो. लिंबूही आम्लच ना, असं वाटेल. पण त्याने अस्तर भाजतं.

विषाणू मारणारं रसायनही इथे कामी आलं नाही. नॉनॉक्सिनॉल-९ हे शुक्राणुनाशक प्रयोगशाळेत एचआयव्हीलाही मारत होतं. आफ्रिका आणि थायलंडमधल्या देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांमध्ये चाचणी झाली, तेव्हा ते वारंवार वापरणाऱ्यांमध्येच लागण जास्त दिसली. २००० साली डर्बनच्या एड्स परिषदेत हे जाहीर झालं.

बाहेरून साधं पाणी पुरेसं. वास किंवा खाज असेल तर डॉक्टरीणबाईंना दाखवा, लाजू नका. एचआयव्हीपासून संरक्षण कंडोमने मिळतं. कंडोम फाटला किंवा जबरदस्ती झाली, तर ७२ तासांच्या आत, जमेल तितक्या लवकर, सरकारी रुग्णालय गाठा; तिथे २८ दिवसांच्या पीईपी गोळ्यांबद्दल, म्हणजे संबंधानंतर एचआयव्हीची लागण रोखणाऱ्या औषधांबद्दल, विचारा. १०९७ ही हेल्पलाइन मोफत आहे.